बीजगणितातील ‘एक्स’ आला कोठून?

प्रश्न : अज्ञात संख्येसाठी ‘एक्स’ हेच अक्षर का वापरतात?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : अक्षरांचा पद्धतशीर वापर फ्रेंच गणिती व्हिएत यांनी १५९१ मध्ये केला, त्यांनी अज्ञात राशींसाठी स्वर आणि ज्ञात राशींसाठी व्यंजने नेमली होती. आजची रीत मात्र फ्रेंच तत्त्वज्ञ-गणिती देकार्त यांच्या १६३७ च्या भूमितीवरील ग्रंथातून रूढ झाली, ज्यात ज्ञात राशींना वर्णमालेच्या आरंभीची आणि अज्ञात राशींना शेवटची (एक्स, वाय, झेड) अक्षरे मिळाली. ‘एक्स’ अरबीतून आल्याची कथा लोकप्रिय असली, तरी तिला भक्कम पुरावा नाही. आपल्याकडे त्याआधीच, भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील बीजगणितात पहिल्या अज्ञात राशीसाठी ‘यावत्तावत्’चे (म्हणजे ‘जितके तितके’) ‘या’, तर पुढच्यांसाठी कालक, नीलक या रंगांची ‘का’, ‘नी’ ही आद्याक्षरे येतात. मला ही योजना अधिक रसाळ वाटते.