बरं वाटतंय त्या दिवशीच सांभाळ

ताई, रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. फायब्रोमायल्जियात, म्हणजे अंगभर सतत दुखत राहणाऱ्या आपल्या या आजारात, रक्त, एक्स-रे बहुतेक स्वच्छच येतात; मज्जासंस्थाच साधी कळ वाढवून सांगते. पूर्वी, १९९० च्या निकषांत, अंगावरच्या १८ जागा दाबून बघायचे. आता झोप, थकवाही विचारतात.

खरा धोका बऱ्या दिवसाचा. दिवाळीआधी एकदा हलकं वाटलं म्हणून मी माळ्यावरची सगळी भांडी घासून काढली. पुढचे चार दिवस पोराच्या शर्टाचं बटण लागेना. तेव्हापासून वीस मिनिटं काम, मग बसायचं, दुखत नसलं तरी.

धाकट्याला उचलत नाही. मी जमिनीवर बसते, तोच चढून मांडीत येतो. पहिले आठ दिवस रडला, खोटं कशाला सांगू!

चालणं सोडू नकोस. रंकाळ्यावर मी दहा मिनिटांनी सुरुवात केली, महिनाभर तेवढंच. बाळ अंगावर पीत असेल तर गोळी सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांना ते सांगच.

आणि रविवारचा तांबडा-पांढरा दाजींवर सोपव. आमच्याकडे मीठ जास्त पडतं. पोरं भुरकतात.