शाहूपुरीच्या भिंतीवरची पुसट अक्षरं: खरवडण्याआधी वाचून घ्या

तुम्ही लिहिलंय की कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या तुमच्या जुन्या इमारतीच्या बाजूच्या भिंतीवर '…आणि कंपनी, गुळाचे व्यापारी व अडत्ये, कोल्हापुर' एवढं कसंबसं लागतं, खाली 'येथें' असा एक शब्द आणि तीन आकडी फोन नंबर आहे, आणि रंगारी पुढच्या आठवड्यात खरवडायला येणार आहे. आधी त्याला थांबवा. बाकीचं सावकाश बोलू.

ही पाटी किती जुनी, हे तिचं शुद्धलेखनच सांगतं. 'येथें'वरचा अनुस्वार आणि 'पुर' ऱ्हस्व, दोन्ही १९६२ च्या नियमांआधीचं वळण. नियम बदलले म्हणून पेंटरचा हात लगेच बदलत नाही, त्यामुळे पाच-दहा वर्षं इकडेतिकडे धरा. मग बाकीच्या खुणा जुळवा. पिनकोड असेल तर पाटी ऑगस्ट १९७२ नंतरची. भाव आण्यात असेल तर बहुतेक १९५७ च्या आधीची, कारण त्या एप्रिलपासून नवे पैसे आले. 'करवीर संस्थान' असं काही सापडलं तर १ मार्च १९४९ च्या, म्हणजे कोल्हापूर संस्थानाच्या विलीनीकरणाच्या आधीची. फोन नंबराशेजारी 'तार' आणि पुढे एखादाच शब्द दिसला तर तो पेढीचा तारेचा, म्हणजे टेलिग्रामचा, पत्ता. तो नीट उतरवून घ्या. जुन्या बिलांवर आणि पावत्यांवर तोच शब्द छापलेला असतो, त्यावरून पेढी ओळखता येते.

आता वाचायचं कसं. दुपारी बारा वाजता त्या भिंतीवर काही दिसणार नाही. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन भिंतीला घासून जात असतं तेव्हा बघा. रंगाचा थर किंचित उचललेला असतो, त्याची सावली पडते. त्याहून चांगलं म्हणजे पाऊस. आमच्या गल्लीत जुलैच्या झडीत एक भिंत भिजली आणि 'मिरची' या शब्दाच्या पोटातून 'तंबाखू' वर आलं. 'त'चा उभा दांडा 'मि'च्या वेलांटीतून आरपार गेलेला. त्या गाळ्यात मिरचीच्या आधी तंबाखूचा धंदा होता, हे गल्लीतल्या एकाही म्हाताऱ्याला आठवत नव्हतं. पाऊस नसेल तर फवारणीच्या पंपाने हलकं पाणी मारा, पण आधी एका कोपऱ्यात ओलं बोट फिरवून बघा. बोटाला रंग लागला तर ते डिस्टेंपर आहे, पाणी अजिबात नको.

काळी आणि गेरूची अक्षरं टिकलेली दिसतील, कारण काजळी आणि गेरू उन्हाला दाद देत नाहीत. भडक लाल, गुलाबी आधी उडतात. म्हणून मधे शब्द गायब वाटला तर तिथे काही नव्हतंच असं समजू नका.

उजवीकडचा खालचा कोपरा मुद्दाम तपासा, पेंटरची सही तिथे असते. बाबूराव मिस्त्रींना सगळा महाराष्ट्र बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो. नाटकांचे पडदे रंगवणारा माणूस पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढतो, असं हे गाव. पेठेपेठेत नावापुढे 'पेंटर' लावणारी माणसं होती. दोरी मारून ओळ आखायची, खडूने अक्षर बसवायचं, मग एका दमात ब्रश ओढायचा. त्यांची कामं कुणी जपली नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शाहूपुरी ही शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेली व्यापारपेठ, आणि तिचा जीव गुळात. पुढे गुळाचे सौदे मार्केट यार्डात गेले, अडत दुकानांच्या जागी दुसरी दुकानं आली. कुठल्या गाळ्यात कोण होतं, हे आता बऱ्याच ठिकाणी फक्त भिंतीच सांगतात. तुमच्या घराचा सिटी सर्व्हे नंबर घेऊन मिळकत पत्रिकेचे जुने उतारे काढा, आणि करवीर नगर वाचन मंदिरात जुन्या वर्तमानपत्रांची चौकशी करा. दिवाळीच्या अंकांतल्या जाहिराती आधी बघा, व्यापारी तेव्हा हमखास जाहिरात देत.

काय करू नका: तारेचा ब्रश, तेल, वॉर्निश. तेलाने दोन दिवस अक्षरं झळाळतात, मग धूळ बसून काळी पडतात. चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंटचा रंगही नको, ओल आत कोंडते आणि पापुद्रे सुटतात. भिंत रंगवायचीच असेल तर अक्षरांभोवती चौकट सोडून बाकीची रंगवा.

आमच्या आजोबांच्या दुकानाचा पत्र्याचा बोर्ड होता, महाद्वार रोडला. डिजिटल बोर्ड लावला त्या दिवशी आम्ही तो किलोवर भंगारात घातला. आज त्याचा एकच फोटो उरलाय, एका वरातीतला, आणि त्यात निम्मं नाव घोड्याच्या मागे झाकलेलं आहे.

त्या उजव्या कोपऱ्याचा जवळून फोटो काढून इथे टाका. सही अर्धी असली तरी चालेल, वळणावरून काही लागतंय का बघतो.