इंग्रजीत ‘युनिव्हर्सिटी’च्या आधी ‘अ’ (a) आणि ‘अवर’च्या (hour) आधी ‘ॲन’ (an) असं का?

स्पेलिंगकडे बघू नका, उच्चार ऐका. शाळेत ‘ए, ई, आय, ओ, यू आलं की ॲन’ असं घोकून घेतात, तिथेच घोळ होतो. लगेच पुढे येणारा शब्द स्वराच्या उच्चाराने सुरू होत असेल तर ‘ॲन’, नाहीतर ‘अ’.

आपल्याला सोपं आहे: शब्द देवनागरीत लिहून बघा. युनिव्हर्सिटी, युरोपियन, यूपीआय आयडी यांच्या सुरुवातीला ‘य’ येतो, वन-वे तिकिटात ‘व’. म्हणून ‘अ’. अवर आणि ऑनेस्टमधला एच मुका, म्हणून ‘ॲन’. एफआयआर, एमएलए, एसएमएस तर सरळ ‘ए’नेच सुरू होतात, इंग्रजी वर्तमानपत्रात ‘ॲन एफआयआर’ रोज सापडेल.

आणि मध्ये विशेषण आलं तर त्याचा उच्चार बघायचा: ॲन अंब्रेला, पण अ ब्लॅक अंब्रेला.