लोक विचारतात ते आधी लिहून घे

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. कंटेनर यार्डाच्या विस्तारासाठी जनसुनावणी झाली, शेजारच्या गावातले लोक तावातावाने बोलले, आणि परतताना गाडीत कुणीतरी म्हणालं, "या लोकांना केमिकलमधलं काय कळतं?" नव्या नोकरीत तू गप्प राहिलीस हे मी समजू शकतो. पण ते वाक्य मनात मुरू देऊ नकोस. सुरक्षा अधिकाऱ्याला आंधळं करायला ते एक वाक्य पुरतं.

चीनमधल्या तिआनजिन बंदरातल्या स्फोटाबद्दल तू अभ्यासक्रमात एखादा परिच्छेद वाचला असशील. मी ते प्रकरण अनेक वर्षं वाचत आलो आहे, आणि स्फोटापेक्षाही त्यानंतर लोक काय बोलले याने मला जास्त शिकवलं.

१२ ऑगस्ट २०१५. रात्री अकरा वाजायच्या आधी रुईहाई लॉजिस्टिक्स या कंपनीच्या धोकादायक मालाच्या यार्डात आग लागली. पाऊण तासाच्या आत दोन स्फोट झाले. पहिल्यानंतर अर्ध्या मिनिटाने झालेला दुसरा तर कितीतरी पट मोठा होता. १६५ माणसं गेली, ८ जणांचा पत्ताच लागला नाही, जखमी आठशेच्या घरात. निर्यात-आयातीसाठी उभ्या असलेल्या हजारो नव्या कोऱ्या गाड्यांचे सांगाडे झाले.

त्या रात्री टॅक्सीवाल्यांनी जखमींना दवाखान्यांत पोचवलं, रक्तदानाला रांगा लागल्या. हे आपल्याकडेही होतं, सगळीकडेच होतं. खरं बघायचं ते पुढच्या तीन-चार दिवसांत.

लोकांचे प्रश्न अगदी साधे होते. आत काय होतं? किती होतं? घरांपासून इतक्या जवळ कसं होतं? मालक कोण? आगीवर पाणी मारणाऱ्या पोरांना आत काय आहे ते कुणी सांगितलं होतं का? पत्रकार परिषदांत हेच विचारलं गेलं. उत्तरं मिळाली ती "तपासून सांगतो" छापाची, आणि प्रश्नोत्तरं सुरू झाली की टीव्हीवरचं थेट प्रक्षेपण तुटायचं. पुढे पन्नास संकेतस्थळांवर अफवा पसरवल्याच्या कारणावरून कारवाई झाली. अफवा होत्याच. मृतांचा आकडा हजारांत गेल्याच्या, विषारी वायू बीजिंगकडे निघाल्याच्या. दूरच्या प्रांतातल्या एका मुलीने तर आपले वडील स्फोटात गेले असं खोटं लिहून लोकांकडून पैसे उकळले आणि नंतर तुरुंगात गेली. हे सगळं मी नाकारत नाही. पण आपण अफवांकडे बोट दाखवतो तेव्हा त्यांच्या शेजारी बसलेला खरा प्रश्नही झटकून टाकतो, आणि माझा राग त्या झटकण्यावर आहे.

कारण फेब्रुवारी २०१६मध्ये चिनी सरकारच्याच चौकशी पथकाचा अहवाल आला, आणि त्याची प्रकरणं जवळजवळ लोकांच्या प्रश्नांच्याच क्रमाने लावता येतात. आत काय होतं? नायट्रोसेल्युलोज हे सहज पेट घेणारं रसायन, ज्याला ओलं ठेवणारा द्रव उष्णतेने उडून गेला आणि ते आपोआप पेटलं. आग पोचली अमोनियम नायट्रेटपर्यंत, म्हणजे खतात आणि स्फोटकांत वापरतात त्या रसायनापर्यंत. ते सुमारे ८०० टन होतं, आणि बंदराच्या नियमाप्रमाणे तिथे साठवायलाच नको होतं. सोडियम सायनाइड हे जहाल विष सुमारे ७०० टन, परवानगीच्या कितीतरी पट. घरं किती जवळ? मोठी वसाहत अवघ्या सहाशे मीटरवर, नियम एक किलोमीटरचा. मालक कोण? कागदावर भलतीच नावं. खऱ्या मालकांपैकी एक बंदराच्या माजी पोलीसप्रमुखाचा मुलगा. कंपनीच्या अध्यक्षाला नंतर दोन वर्षांच्या स्थगितीसह मृत्युदंड झाला. एकूण ४९ जणांना शिक्षा झाल्या, त्यांत २५ सरकारी माणसं होती. सुरक्षा मूल्यांकनाचा खोटा अहवाल देणाऱ्या संस्थेची माणसंही होती. ही शेवटची ओळ नीट वाच. ते तुझ्यामाझ्यासारखेच शिकलेले होते. त्यांना केमिकलमधलं कळत होतं.

पाण्याच्या प्रश्नावर मात्र लोकांचा अंदाज चुकला होता. पाण्याशी भडकणाऱ्या मालावर पाणी मारलं म्हणून स्फोट झाला, असं पहिल्या आठवड्यात सगळे म्हणत होते. अहवालात तसं निघालं नाही. पण आतमध्ये काय आहे हे अग्निशामकांना माहीत नव्हतं, हा लोकांचा मुख्य आरोप खरा ठरला. कंपनीचं कार्यालय स्फोटात उद्ध्वस्त झालेलं, कंपनीची माहिती आणि कस्टम्सची माहिती एकमेकांशी जुळेना. म्हणजे मढी मोजत असतानाही यादी हातात नव्हती. लोकांच्या अंदाजातली चूक धरून त्यांच्या प्रश्नावर फुली मारणारे अधिकारी तुला भेटतील. त्यांच्यासारखी होऊ नकोस.

आणि विश्वास एकदा गेला की काय होतं तेही बघ. १८ ऑगस्टला पाऊस पडला, रस्त्यांवर पांढरा फेस दिसला. दोन दिवसांनी नदीच्या मुखाजवळ मेलेल्या माशांचा खच पडला. अधिकाऱ्यांनी पाणी तपासलं आणि मासे सायनाइडने मेले नाहीत असं सांगितलं. ते खरंही असेल. ऐकायला कोण तयार होतं? पहिल्या तीन दिवसांत जे दडवलं त्याची किंमत त्यांच्या खऱ्या बोलण्यालाही मोजावी लागली. ज्यांची घरं गेली ते रहिवासी फलक घेऊन पत्रकार परिषदेच्या हॉटेलाबाहेर उभे राहिले. त्यांना तिथे परत राहायचंच नव्हतं. सरकारला शेवटी घरं परत विकत घ्यायची तयारी दाखवावी लागली.

मला सर्वांत जास्त बोचते ती अग्निशामकांची गोष्ट. गेलेल्या आणि बेपत्ता झालेल्यांत १०४ अग्निशामक होते, आणि त्यांतले बहुतेक बंदराच्या स्वतःच्या दलातले, कंत्राटी, विशी-बाविशीतले. सुरुवातीच्या सरकारी आकड्यांत त्यांची वेगळी दखलच नव्हती. आपला मुलगा जिवंत आहे की नाही एवढं विचारायला आईबाप पत्रकार परिषदेच्या दारावर धडकले. देशभर त्यावर इतका क्षोभ झाला की पंतप्रधान ली कछ्यांग यांनी घटनास्थळी येऊन, वीरांमध्ये आतले-बाहेरचे असा भेद नाही, अशा अर्थाचं जाहीर सांगितलं. आईबाप दारावर धडकले नसते तर ती पोरं आकड्यातही आली असती की नाही, मला शंका आहे.

आपल्या मुंबईनेही हे पाहिलं आहे. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं. पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकं. ६६ अग्निशामक गेले. युद्धकाळ होता, बातमीवर सेन्सॉर बसला. धुराचे लोट डोळ्यांनी बघणाऱ्या मुंबईकराला छापील खुलासा मिळायला कित्येक आठवडे थांबावं लागलं.

आता कामाचं. सुनावणीत लोक जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत उतरवून काढ, "स्थानिकांच्या काही शंका" असं गुळमुळीत करू नकोस. प्रत्येक प्रश्नासमोर तुला आज, आत्ता काय उत्तर देता येतं ते लिही. जिथे जागा कोरी राहील तिथे तुझं काम सुरू होतं. यार्डातल्या धोकादायक मालाची रोजची यादी (युनो क्रमांक म्हणजे मालाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, टनेज, कुठल्या ओळीत) सर्व्हरवर असतेच. तिची छापील प्रत फाटकावर ठेव आणि एक प्रत यार्डाच्या हद्दीबाहेर, जवळच्या अग्निशमन केंद्रात रोज जाईल अशी व्यवस्था लाव. वरिष्ठ व्यावसायिक गुपिताचं कारण पुढे करतील. त्यांना तिआनजिनचा अहवाल वाचायला दे, आणि विनंती तोंडी न करता लेखी कर.

एप्रिलमध्ये अग्निशमन सेवा सप्ताह असतो, तो त्याच ६६ जणांच्या आठवणीत. तुमच्याकडेही बॅनर लागेल, मॉक ड्रिल होईल, फोटो निघतील. त्या आठवड्यात केंद्राच्या पूर्ण पाळीला यार्डात बोलाव आणि ओळीओळीतून चालत फिरव. अधिकाऱ्यांबरोबर कंत्राटी मुलंही यायला हवीत, कारण पहिला पाइप तेच धरतात. त्यांचे प्रश्न ऐक, तेही लिहून घे, आणि त्यांच्या पाळीची नावनिशी असलेली यादी तुझ्याकडे राहू दे.

तुझा,
सर