तांब्याच्या कॉम्प्लेक्सचा झोन (जिवाणू न वाढलेलं वर्तुळ) लिगँडपेक्षा (धातूला जोडल्या जाणाऱ्या रेणूपेक्षा) मोठा आला, तर ते जास्त प्रभावी आहे असं प्रोजेक्टमध्ये लिहू का?

नका लिहू. तुम्ही लिगँडशी तुलना केलीत, पण नुसत्या कॉपर अ‍ॅसिटेटचा, म्हणजे तांब्याच्या साध्या क्षाराचा, वेल (नमुना भरायचा खड्डा) प्लेटवर आहे कुठे? याच एका वेलवरून माझं गाइडशी वाजलं होतं.

मी तासगावचा, द्राक्षबागेत वाढलेला. किलोभर मोरचूद, किलोभर चुना, शंभर लिटर पाणी असं बोर्डो हे बुरशीनाशक शाळेत असल्यापासून कालवलंय. तांबं स्वतःच मारतं, हे आमच्याकडे डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीसारखा रोग) आलेल्या वर्षी पोरासोरांनाही कळतं. सांगलीत एम.एस्सी.ला सॅलिसिलाल्डिहाइड-अ‍ॅनिलिनचा शिफ बेस केला, तोच माझा लिगँड, त्याचं तांब्याचं कॉम्प्लेक्स केलं. स्टॅफ ऑरियस या जिवाणूवर झोन छान आला. सर म्हणाले, चिलेशनने, म्हणजे लिगँडने धातूला पकडल्याने, धातूची ध्रुवीयता घटते, म्हणून कॉम्प्लेक्स पेशीच्या लिपिडच्या (चरबीच्या) आवरणातून आत शिरतं, असं लिहून मोकळा हो. ट्विडी नावाच्या संशोधकाचं हे स्पष्टीकरण जो तो डकवतो, तपासत कुणी नाही. मी म्हटलं, अ‍ॅसिटेटही लावू. सर म्हणाले, "कशाला विषय वाढवतोस?"

मी लावलंच, आणि वजनाने नाही, मोलने, म्हणजे दोन्हीत तांबं सारखं ठेवून. कॉम्प्लेक्सचा रेणुभार 456, अ‍ॅसिटेट मोनोहायड्रेटचा 200. म्हणजे 1 मिलिग्रॅम कॉम्प्लेक्सएवढं तांबं 0.44 मिलिग्रॅम अ‍ॅसिटेटमध्येच असतं. दुसऱ्या दिवशी प्लेट उलटी करून काळ्या कागदावर धरली, मागून पट्टी लावली. दोन्ही झोन सारखे. सर म्हणाले, तक्त्यातून अ‍ॅसिटेटचा कॉलम काढून टाक. मी टाकला नाही. तोंडीला मार्क कापले गेले, तरी माझं म्हणणं आजही तेच आहे: नुसत्या धातूच्या क्षाराचा कॉलम नसलेला तक्ता परीक्षकाने परत पाठवावा.

आता तुमचं. नुसत्या डीएमएसओचा (संयुग विरघळवायच्या द्रावकाचा) कोरा वेल हवाच, हे सांगायला नको. झोनवरून मात्र दोन संयुगांची ताकद ठरवू नका; कॉम्प्लेक्स पाण्यात नीट विरघळत नाही, प्लेटवरच्या आगरमध्ये (जेलीत) हळू पसरतं, त्यामुळे चांगलं संयुगही लहान झोन देतं. ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवायच्या द्रवात) एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारी किमान मात्रा, काढा. माझे झोन सारखे आले म्हणून तुमचेही येतील असं नाही. लिगँड बदललं की सगळं बदलतं, सिल्व्हर सल्फाडायझिन हे चांदीचं संयुग तर भाजलेल्या जखमांवर वापरतातच. पण गाइड "गरज नाही" म्हणाले, तरी अ‍ॅसिटेटचा वेल पाडाच.