पहिले चार किलो विसरा

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझं वय 47, काम बैठं. चार महिन्यांपूर्वी मी आणि माझ्या नवऱ्याने एकाच दिवशी कमी कर्बोदकांचा आहार सुरू केला. धान्य, साखर, बटाटा सगळं बंद. तेव्हा माझं वजन 84 किलो होतं. पहिल्या तीन आठवड्यांत चार किलो उतरलं आणि मी हवेतच होते. पुढच्या तीन महिन्यांत मात्र जेमतेम अडीच किलो. आता काटा 77.5 वर आहे. नवऱ्याचं एव्हाना अकरा किलो कमी झालंय, आणि तो संध्याकाळी चोरून बिस्किटं खातो हे मला ठाऊक आहे! मी रोज सकाळी वजन करते, कधी कधी रात्रीही. गेल्या आठवड्यात एका रात्रीत 900 ग्रॅम वाढलेलं दिसलं आणि मला रडूच आलं. भूक लागली तर मी फक्त बदाम आणि चीज खाते, कारण त्यांत कर्बोदकं नसतातच. एवढं करून हातात काय? आता मन लागत नाही. सोडून द्यावंसं वाटतं.

ता. क. : डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी अर्धी केली आहे, ते लिहायचं राहिलं.

उत्तर : राहिलं? अहो, पत्राची सुरुवातच त्याने व्हायला हवी होती. औषधाचा डोस डॉक्टरांनी स्वतःहून कमी करावा, याची माणसं वर्षानुवर्षं वाट बघतात. तुम्ही ते शेपटाला लावलंत आणि वर दहा ओळी काट्याचं रडगाणं गायलंत. तुमची गाडी कुठे अडली आहे ते मला तिथेच कळलं.

आधी त्या पहिल्या चार किलोंचा हिशोब करू, कारण सगळं दुःख तिथून सुरू होतं. आपलं शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात थोडी साखर साठवून ठेवतं. सगळी मिळून साधारण अर्धा किलो. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. कर्बोदकं तोडली की हा साठा उतरतो आणि त्याचं पाणीही जातं. शिवाय इन्शुलिनची पातळी खाली आल्यामुळे मूत्रपिंडं मीठ जास्त टाकायला लागतात, मिठाबरोबर आणखी पाणी. म्हणजे तुमच्या चार किलोंतले दोनेक किलो तरी पाणीच असणार. चरबी गेली, पण तुम्हाला वाटली तेवढी नाही.

या आहाराची खोडच ही आहे. पहिल्या पगारातच दिवाळीचा बोनस मिळावा, तसं होतं. पुढच्या महिन्यात नेहमीचा पगार आला की माणसाला वाटतं, आपला पगार कापला. कुणी कापलेला नसतो. तुमच्या डोक्यात 'तीन आठवड्यांत चार किलो' हा वेग बसलाय आणि नंतरचा प्रत्येक आठवडा तुम्ही त्याच्याशी ताडून बघताय. तेव्हा ते चार किलो विसरा आणि पुढच्या तीन महिन्यांचे अडीच किलोच मोजा, कारण ती बहुतेक खरी चरबी आहे. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी. अडीच किलोंना तीन महिन्यांत विभागलं, तर रोज दोनशेच्या आसपास कॅलरींची तूट पडते. तुमचं शरीर रोज बिनबोभाट दोनशे कॅलरी आपल्या साठ्यातून काढून खातंय. याला मी थांबलेलं वजन म्हणणार नाही.

आता त्या रडवणाऱ्या रात्रीकडे. 900 ग्रॅम चरबी वाढवायची तर जेवढी खर्च होते त्यावर जवळजवळ सात हजार कॅलरी जास्त खायला हव्यात. एका संध्याकाळी तुम्ही तेवढं खाल्लं होतंत का? नसणारच. आदल्या दिवशी खारट काहीतरी खाल्लं असेल, पोट साफ झालं नसेल किंवा पाळीच्या आधीचे दिवस असतील. या वयात पाळीचं गणित मागेपुढे होतं आणि त्या दिवसांत अंगात पाणी साठतं. एक-दोन किलोंचा झोका सहज बसतो. धान्य बंद केल्यावर चोथा कमी पडून बद्धकोष्ठ होणं तर या आहारात नेहमीचंच. पालेभाज्या आणि पाणी वाढवलं का, हे आधी बघा.

रात्री वजन करणं आजपासून बंद. दिवसभराचं खाणंपिणं पोटात घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि मग वाईट वाटून घ्यायचं, याला काय अर्थ आहे? आठवड्यातून एकच वार ठरवा. सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, काही पिण्याआधी, तशाच हलक्या कपड्यांत. काटा कडक फरशीवर ठेवा. सतरंजीवर ठेवला तर तो काहीही आकडा दाखवतो. आणि या आठवड्याचा आकडा गेल्या आठवड्याशी ताडू नका, चार आठवड्यांपूर्वीच्याशी ताडा, म्हणजे पाळीचं पाणी बऱ्याच अंशी वजा होतं. रोज वजन केल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही त्यांनी खुशाल करावं, पण सात दिवसांची सरासरी काढून तेवढीच बघावी. तुम्हाला मात्र मी तेही सुचवणार नाही, कारण तुमचा स्वभाव पत्रात दिसतोय.

इथे मला विल्यम बँटिंग या लंडनच्या गृहस्थांची आठवण होते. अंत्यविधींची व्यवस्था पाहण्याचा त्यांचा व्यवसाय. उंची जेमतेम साडेपाच फूट, वजन 202 पौंड, म्हणजे सुमारे 92 किलो. बुटाची नाडी बांधायला वाकता येत नसे आणि जिना उलट्या पावलांनी उतरावा लागे. नाव वल्हवून पाहिली, तर भूकच वाढली. 1862 मध्ये, वयाच्या 66व्या वर्षी, एका डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांनी ब्रेड, साखर, बीअर आणि बटाटे सोडले, आणि पुढच्या वर्षी आपला अनुभव एका पुस्तिकेत छापला. आजच्या कमी कर्बोदकांच्या आहाराचे हे मूळपुरुषच म्हणायचे. त्या पुस्तिकेत वजनांचा तक्ता आहे. गृहस्थ साधारण तीन आठवड्यांनी एकदा वजन करत, आणि दर वेळी उतरलेलं असे ते बहुधा दोन किंवा तीन पौंड. एक-सव्वा किलो, तेही तीन आठवड्यांचं! असं करत वर्षभरात 46 पौंड, म्हणजे जवळजवळ 21 किलो, आणि कमरेचा घेर बारा इंचांहून जास्त कमी. रोज सकाळी काट्यावर चढले असते, तर त्यांनाही निम्मे दिवस काहीच दिसलं नसतं.

वेग मंदावण्याचं आणखी एक कारण आहे आणि त्यात तुमचा काही दोष नाही. वजन उतरलं की शरीराचा खर्चही उतरतो. एक किलो कमी झाला की दिवसाचा खर्च वीस-पंचवीस कॅलरींनी घटतो. तुमचे साडेसहा किलो गेले. म्हणजे सुरुवातीच्या ताटात जेवढी तूट पडत होती, तेवढी आज त्याच ताटात पडणार नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या केविन हॉल यांनी 2011 मध्ये याचं गणित मांडलं. आहारात कायमचा बदल केला तर त्यातून होणाऱ्या घटीपैकी निम्मी व्हायला साधारण एक वर्ष लागतं, आणि जवळजवळ पूर्ण व्हायला तीन. चार महिन्यांत निकाल मागणं म्हणजे घाईच झाली.

मात्र एका गोष्टीत दोष तुमचाच आहे. ते बदाम. पहिली गोष्ट, त्यांत कर्बोदकं थोडी असतात, नसतातच असं नाही. पण खरी मेख कॅलरींत आहे. आज संध्याकाळी एक करा : नेहमीसारखी मूठ भरा आणि ती स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर ओता. बायकांच्या मुठीतही तीस ग्रॅम सहज बसतात. तीस ग्रॅम म्हणजे चोवीस-पंचवीस बदाम, म्हणजे पावणेदोनशे कॅलरी. तुमची रोजची तूट किती आहे ते वर आलंच आहे. एक मूठ ठरवून खाल्लीत तर ती तुमच्या जेवणाचा भाग झाली. टीव्हीसमोर दुसरी मूठ गेली की त्या दिवसाची तूट संपली. वर चीजचा तुकडा, तीस ग्रॅमला सव्वाशेच्या आसपास. 'कर्बोदकं नाहीत ना, मग चालतं' या एका वाक्याने मी जितकी वजनं अडलेली पाहिली आहेत तितकी बिस्किटांनीही अडलेली नाहीत. जन्मभर मोजत बसा असं माझं म्हणणं नाही. एकच आठवडा मोजा, डोळ्याला अंदाज येतो. आणि संध्याकाळी इतकी भूक का लागते तेही बघा. दुपारच्या जेवणात प्रथिनं बहुतेक कमी पडत असतील. एखादं अंडं जास्त घेऊन पाहा.

नवऱ्याशी तुलना नको, हे तुम्हाला सगळ्यांनी सांगितलं असणार, तरी कारण सांगते. पुरुषांचं शरीर सहसा मोठं, स्नायू जास्त, त्यामुळे बसल्या जागीही खर्च जास्त. तेच ताट त्यांना मोठी तूट देतं. आणि दोन बायकाही सारख्या नसतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात 609 जणांवर वर्षभर एक अभ्यास झाला, 2018 मध्ये तो छापून आला. निम्म्यांना कमी कर्बोदकं, निम्म्यांना कमी चरबी. सरासरी घट कमी कर्बोदकांच्या गटात 6 किलो, दुसऱ्यात 5.3; म्हणजे फरक म्हणावा असा नाहीच. पण दोन्ही गटांत कुणाचे तीसेक किलो गेले, तर कुणाचे दहाएक किलो चक्क वाढले. यातून मी घेतलं ते एवढंच की अमुक एक आहार जादूचा नाही, आणि शेजारच्या माणसाचा आकडा आपल्याला काहीच सांगत नाही. (बिस्किटांबद्दल मी बोलणार नाही. ते तुमचं तुम्ही बघून घ्या.)

आता मन लागत नाही त्याबद्दल. उत्साह चार महिने टिकला हेच पुष्कळ. तो कुणाचाच वर्षभर टिकत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. स्वतःला एवढंच विचारा : आज जसं जेवते तसं आणखी दोन वर्षं जेवू शकेन का? उत्तर 'नाही' आलं, तर ताट थोडं सैल करा. धान्य पूर्ण बंदच हवं असं कुठे लिहिलंय? दिवसाला 130 ग्रॅमच्या आत कर्बोदकं ठेवली तरी तो आहार कमी कर्बोदकांचाच मानतात. एका जेवणात थोडं धान्य परत आणा. आणल्याबरोबर दोन दिवसांत काटा एखाद-दीड किलो वर जाईल. ते वर सांगितलेलं पाणीच परत आलेलं असेल, तेव्हा घाबरून पुन्हा बंद करू नका. किंवा एक महिना वजन उतरवायचंच नाही, फक्त आहे तिथे राखायचं, असं ठरवून बघा. राखता येणं ही वेगळी कला आहे आणि कधीतरी ती शिकावीच लागते. थकल्यावर शिकलेली बरी.

महिन्यातून एकदा टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास नेहमीसारखा सोडून, पोट आत न ओढता. वजन आणि घेर दोन्ही तीन महिने जागचे हलले नाहीत तर थायरॉइडची तपासणी करून घ्या आणि चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. स्टेरॉइड आणि नैराश्यावरच्या काही गोळ्या वजन धरून ठेवतात.

आणि पाणी वजा केलं तरी तुमचं वजन मूळच्या 5 टक्क्यांहून जास्त घटलंय. रक्तदाब, साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) यांत फरक दिसायला साधारण एवढी घट पुरते. तुमच्या डॉक्टरांना तो दिसला म्हणून तर गोळी अर्धी झाली.

प्रश्न : मी लघवीतले कीटोन तपासायच्या पट्ट्या वापरतो. सुरुवातीला रंग गडद जांभळा यायचा, आता फिकट येतो. आहार काम करेनासा झाला का?

उत्तर : नाही. कीटोन म्हणजे चरबी मोडताना शरीरात बनणारे पदार्थ. काही आठवड्यांनी शरीर ते वापरायला सरावतं आणि लघवीवाटे बाहेर पडणारे कमी होतात, म्हणून रंग फिकटतो. उलट पाणी कमी प्यायलात तर तो गडद होईल. त्यात शाबासकी घेण्यासारखं काही नाही. आणि लोणी जास्त खाल्लं तरी कीटोन बनतातच. ते ताटातल्या चरबीचे की पोटावरच्या, हे पट्टीला कळत नाही. डबा संपला की दुसरा आणू नका.

प्रश्न : मला मधुमेह आहे, दोन प्रकारच्या गोळ्या चालू आहेत. हा आहार उद्यापासून सुरू केला तर चालेल का?

उत्तर : उद्यापासून नको. आधी गोळ्यांची नावं घेऊन डॉक्टरांकडे जा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना कर्बोदकं एकदम तोडली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. डोस आधीच कमी करावा लागतो. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातलं औषध असेल तर धोका वेगळा : साखरेचा आकडा ठीक दिसत असतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप अशी लक्षणं दिसली तर साखर बरी आहे म्हणून घरी थांबायचं नाही, लगेच रुग्णालय गाठायचं. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला तर पहिले दोन-तीन आठवडे घरी साखर जास्त वेळा तपासा आणि आकडे वेळेसकट लिहून ठेवा.