ब्रीद पायात बांधतात

सोलापुरात चादरींचं दुकान काढणाऱ्या एका वाचकांनी विचारलंय : पाटीवर नावाखाली जी ओळ लिहितात तिला ब्रीदवाक्य म्हणायचं की घोषवाक्य, आणि ती लोकांच्या ध्यानात राहील अशी कशी लिहावी? मसुदाही पाठवलाय : 'गुणवत्ता हेच आमचे ब्रिद'.

आधी 'ब्री' दीर्घ करा. आणि हे वाक्य नव्या पेठेपासून होटगी रोडपर्यंत इतक्या पाट्यांवर वाचलंय की आता दिसलं तरी चीड येते. मिठाईवाल्याचं ब्रीद गुणवत्ता, शिकवणीवाल्याचंही गुणवत्ता! सगळ्यांचं असतं ते ब्रीदच नव्हे.

घोषवाक्याचं लवकर उरकतो. घोष म्हणजे अनेकांनी मिळून मोठ्यानं म्हणायचं. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांपुढे 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' उठतं, तो घोष. एसटीकडे दोन्ही आहेत : 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' हे ब्रीद, 'गाव तिथे एसटी' हे घोषवाक्य.

खरी गोडी ब्रीदात आहे. जुन्या मराठी कवितेत 'ब्रीदाचा तोडर' भेटतो. तोडर म्हणजे पायातला दागिना. ब्रीद पायात बांधलं की चालताना चारचौघांना ऐकू जायचं : माझ्या तोडीचा कुणी असेल तर पुढे या! म्हणजे ब्रीद ही शोभेची ओळ नाही, उघड आव्हान आहे. संतांनी पंढरीच्या विठ्ठलालाही याच शब्दात पकडलं. पतितपावन हे तुझं ब्रीद ना? मग मला तारल्यावाचून तुझी सुटका नाही.

शब्द आला कुठून? संस्कृत 'बिरुद'वरून, एवढं लिहून कोशकार मोकळे होतात. मला हे मुळीच पटत नाही. कन्नडमध्ये 'बिरुदु', आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगूतही 'बिरुदु', आणि संस्कृत धातूशी नातं जोडायचं तर ओढाताण करावी लागते. माझं ठाम मत आहे की हा शब्द दक्षिणेतून संस्कृतात गेला. कल्याणीच्या चालुक्यांची बिरुदं पाहा. पहिला सोमेश्वर 'आहवमल्ल', म्हणजे रणातला मल्ल. सहावा विक्रमादित्य (१०७६ ते ११२६) 'त्रिभुवनमल्ल'. एकेका शब्दात आव्हान, आणि दोन्हीकडे मल्लच! सोलापूर त्यांच्याच मुलखातलं. तीन भाषा कानावर घेऊन वाढलेल्या सोलापूरकरानं तरी कोशातली एक ओळ प्रमाण मानून गप्प बसू नये.

हां, तुमच्या चादरी. कितीही धुतली तरी रंग जात नाही, असं तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात. ब्रीद तेच आहे. गुणवत्ता पुसून टाका आणि नावाखाली दोनच शब्द लिहा : 'धुऊन बघा'. रंग गेला तर गिऱ्हाईक तीच चादर आणून तुमच्या गल्ल्यावर टाकेल. तेवढी तयारी असेल तर आजच रंगाऱ्याला बोलवा.